नको म्हणायचं काम तुझं होतं

दीपू, काळाचौकीच्या नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. ‘कॅप्टन दीपाली यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ तुझ्या फोटोमागे ढग आहेत आणि ढगांतून एक भलंमोठं चार इंजिनांचं विमान निघालंय, जे तू जन्मात चालवलं नाहीस. तू शिकवायचीस ती दोन माणसांची चिमुकली विमानं, ज्यांचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. खाली ‘शोकाकुल’ म्हणून ज्यांची नावं आहेत त्यातल्या निम्म्यांना तू ओळखत नव्हतीस आणि उरलेल्यांशी तुझं पटत नव्हतं. तू असतीस तर त्या फ्लेक्सखाली उभी राहून सेल्फी काढला असतास आणि मला पाठवून लिहिलं असतंस, बघ रेश्मा, मेल्यावर प्रमोशन मिळालं. मला हसू येणार होतं, पण आलं नाही.

चाळीतले लोक येऊन मला धीर देतात. रडून घे, मोकळी हो, म्हणतात. त्यांना कसं सांगू की मला रडायचं नाहीये, मला भांडायचंय. गेली वीस-बावीस वर्षं आपण एकाच गोष्टीवरून भांडत होतो, आणि तू ते भांडण असं संपवलंस की माझ्या तोंडचा शब्दच गेला. मी तुझ्यावर चिडले आहे. गेलीस म्हणून नाही. कशी गेलीस, म्हणून.

कशी ते मला ऋतुजाकडून कळलं. तुझी विद्यार्थिनी, त्या दिवशी तुझ्या शेजारच्या सीटवर होती ती. तिच्या पायाला प्लास्टर आहे, पण ती वाचली. मी तिला हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हा ती पहिल्यांदा माझी माफी मागायला लागली, कशाबद्दल ते तिलाही माहीत नव्हतं. मग हळूहळू बोलली. धावपट्टीकडे येताना विमान उंच राहिलं होतं. उंच आणि वेगात. मागून वारा होता, डोंगराकडून पाऊस येताना दिसत होता. तिने विचारलं, “मॅडम, गो-अराउंड?” म्हणजे उतरायचं सोडून पुन्हा वर जायचं, एक फेरी मारायची आणि नव्याने यायचं. तू कंट्रोल स्वतःच्या हातात घेतलेस आणि म्हणालीस, “होतंय गं. बसेल.” विमान अर्ध्या धावपट्टीवरून नुसतं तरंगत गेलं. मग टेकलं, उसळलं, परत टेकलं, आणि धावपट्टी संपली. पुढे नाला होता. त्यात ते उलटं झालं आणि मार सगळा तुझ्या बाजूला बसला.

“मॅडम रोज सांगायच्या,” ऋतुजा म्हणाली, “नको वाटलं की नको. कारण नंतर शोधा. मला वाटलं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त दिसतंय.”

‘होतंय गं’ हे माझं वाक्य आहे, दीपू. तुझं नाही. तुझं वाक्य ‘नको’. आपल्या दोघींत ही वाटणी लहानपणीच झाली होती.

आपलं मुलींचं गोविंदा पथक निघालं तेव्हा तू बाराची होतीस, मी तेराची. तेव्हा एवढ्या लहान पोरींना वर चढवत, आता चालत नाही. तू सगळ्यात हलकी म्हणून सगळ्यात वर. मी तुझ्याखाली, म्हणजे तुझे दोन्ही पाय माझ्या खांद्यांवर. शिवादादा शिकवायचे. ते पहिल्या दिवसापासून सांगायचे की थर लागले म्हणून कुणी टाळ्या मागायच्या नाहीत. थर लावून नीट उतरवले तरच ते लागले म्हणायचे. मला ते पटायचं नाही. मला वर जायचं वेड होतं, उतरायचं काय, ते आपोआप होतं असं वाटायचं.

आणि मग दादरची ती हंडी. सहा थर. खाली पाण्याचे फवारे, स्टेजवर माईकवाला घसा ताणून ओरडतोय, आपल्या चाळीतल्या सगळ्या आया फुटपाथवर उभ्या. तू माझ्या खांद्यावर सरळ झालीस, हात वर केलास. हंडी तुझ्या बोटांपासून एक वीत लांब होती. मला मान वर करता येत नव्हती, पण खालची गर्दी ज्या आवाजात ओरडली त्यावरून मला कळलं की तू पोचलीस. आणि तू म्हणालीस, “नको.”

“काय नको? होतंय गं! घे ना!”

“नको. उतर.”

आणि तू माझ्या पाठीवरून खाली यायला लागलीससुद्धा. थर एक-एक करत नीट उतरले, कुणाला खरचटलंही नाही. पुढच्याच फेरीत घोडपदेवच्या मुलींनी ती हंडी फोडली. परत येताना ट्रकमध्येच मी तुला सगळ्यांसमोर विचारलं, का? तू म्हणालीस, “माहीत नाही. नको वाटलं.” मला वाटलं तुला ट्रकमधून ढकलून द्यावं. शिवादादांनी मात्र त्या दिवशी तुझी बाजू घेतली. “वरची पोरगी नको म्हणाली की नको. का म्हणून विचारायचं नाय. आजपासून हाच नियम.” तेव्हापासून पथकात त्याला दीपूचा नियम म्हणतात, आणि मी तुझ्याशी गणपती येईपर्यंत बोलले नव्हते.

अजूनही माझं म्हणणं तेच आहे. त्या दिवशी झालं असतं. तुझे पाय माझ्या खांद्यांवर होते, ते हलत नव्हते. माझे खांदे मला खोटं सांगणार नाहीत. तू विमान शिकायला गेलीस, शिकून आलीस, स्वतः शिकवायला लागलीस, दोघी तिशी ओलांडून गेलो, तरी मी दर वर्षी एकदा तरी विचारायचे, “खरं सांग, तेव्हा का उतरलीस?” आणि तू चहा फुंकत म्हणायचीस, “तुला नाही कळायचं. तू खाली बघत होतीस.” मग मी म्हणायचे, मी खाली बघत होते कारण तू माझ्या डोक्यावर उभी होतीस, बये. हा आपला ठरलेला तमाशा होता. माझी आई म्हणायची, झालं का तुमचं वर्षश्राद्ध?

पण एका गोष्टीसाठी मला तुझे पाय धरायला हवेत, आणि ते मी कधी धरले नाहीत. माझं लग्न ठरलं होतं तेव्हाची गोष्ट. परळचा मुलगा, चांगली नोकरी, दादरला हॉल बुक, पत्रिका छापून आलेल्या. मला आतून काहीतरी टोचत होतं आणि मी स्वतःला सांगत होते, होतंय, होईल, सगळ्यांचं होतं. तू साडी बघायला म्हणून आलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, “नको वाटतंय का?” मी साडीची घडी घालत राहिले. तू उठून बाहेरच्या खोलीत गेलीस, माझ्या बाबांसमोर खुर्ची ओढून बसलीस आणि म्हणालीस, “काका, रेश्माला हे लग्न नकोय. का ते तिला विचारू नका.” बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी फक्त होकाराची मान डोलावली. त्यानंतर जे रणकंदन झालं त्यात तू तीन तास माझ्या शेजारी बसून माझ्या मावशीच्या शिव्या खाल्ल्यास. पुढे त्या मुलाचं काय काय ऐकू आलं ते तुला माहीत आहे. माझं आयुष्य त्या दिवशी तू उचलून बाजूला ठेवलंस. मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही, कारण आपल्यात कोण थँक्यू म्हणतं.

म्हणून जास्त राग येतो. माझ्यासाठी जो शब्द तुझ्या तोंडातून चटकन निघाला, तो स्वतःच्या जिवासाठी निघाला नाही?

आणि तुला येत नव्हतं असंही नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मी तुझ्या धावपट्टीवर आले होते, आठवतं ना? तू मला विमानात बसवून वर नेलंस. मी सगळा वेळ सीट घट्ट धरून आणि डोळे अर्धे मिटून. उतरताना जमीन अगदी जवळ आली, गवत दिसायला लागलं, मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले, आणि तू एकदम इंजिनाचा जोर वाढवलास. विमान पुन्हा वर.

“काय झालं? काय झालं गं?”

“काही नाही. मनासारखं नव्हतं. परत येऊ.”

“चांगलं येत होतं की!”

“येत होतं. पण नको वाटलं.” आणि माझ्याकडे बघून डोळा मारलास. “हंडी आठवली का?”

मी तुला म्हटलं, इथे तुला कोण बघत होतं, दादरला दहा हजार माणसं बघत होती. तू म्हणालीस, म्हणून तर दादरला जास्त कठीण होतं. खाली उतरल्यावर धाब्यावर मिसळ खाताना आपण परत भांडलो आणि तू माझ्या ताटातली शेव पळवलीस. तेव्हा मला वाटलं होतं, ही बाई काही मरत नाही. जिला हात लांबवायचा मोह सोडता येतो ती कशाला मरेल. मी परत येऊन आईला हेच सांगितलं.

आणि शेवटचा फोन. तो मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. या वर्षी मी पथकाची कॅप्टन म्हणून एक बदल करायचा विचार करत होते. नव्या मुली जरा वारा आला तरी नको म्हणतात, मागच्या वर्षी तीन ठिकाणी आम्ही चार थरांवरून उतरलो. मी तुला म्हटलं, नको म्हणायचं की नाही ते आता खालची कॅप्टन ठरवेल. तू किती भडकलीस! “खालच्याला काय कळतं? तोल वरच्या पोरीच्या पायाखाली असतो.” मी म्हटलं, तू जमिनीवर राहून बघ एकदा. तू म्हणालीस, नियम बदललास तर गुरुपौर्णिमेला सरावाच्या नारळाला मी येणार नाही. आणि फोन ठेवलास. मी थोड्या वेळाने मेसेज केला, बरं बाई, ठेवते तुझा नियम, ये. तू अंगठा पाठवलास. त्याच आठवड्यात तू ऋतुजाला म्हणालीस, होतंय गं.

मला सांग, हा कसला न्याय? मला झापायचं आणि स्वतः माझ्याच बाजूला येऊन बसायचं? माझी बाजू घ्यायला तुला कुणी सांगितलं होतं? मला तू हवी होतीस ती समोरच्या बाजूला. मी होतंय म्हणायचं आणि तू नको म्हणायचं, यावर माझं सगळं चाललं होतं. मी बिनधास्त होते ती तुझ्या जिवावर.

तुझा पाऊसही मी हिशेबात धरते. पाऊस येत होता, तुला वाटलं असेल आता वर गेलो तर अडकू. असेल. चौकशी होईल, अहवाल येईल, त्यात वारा आणि वेग सगळं लिहिलेलं असेल. मला विमानातलं काय कळतं. पण मला तू कळत होतीस असं मी समजत होते, आणि त्याचा अहवाल कुणी देणार नाही.

माईंचं तुला सांगायला हवं. तुझी आई आता दिवसभर खिडकीत बसून असते. परवा मला जवळ बसवून म्हणाली, “रेश्मा, तू सांग, इमानच खराब असतला मा? माजा चेडू चुकूचा नाय.” माझी मुलगी चुकायची नाही म्हणणारे तिचे डोळे माझ्यावर होते. मला ऋतुजाने सांगितलेलं सगळं माहीत होतं. इंजिन चांगलं होतं, विमान चांगलं होतं. मी म्हटलं, “होय माई. विमानच खराब होतं.” तिने माझा हात दाबला आणि मला तांदळाची बोरं आणून दिली, तुझ्यासाठी डब्यात ठेवलेली. मी ती खाल्ली. तुझ्यासाठी मी तिच्याशी खोटं बोलले आणि वर तुझा खाऊ खाल्ला. आता ही गोष्ट जन्मभर माझ्याकडे राहणार, कारण खरं सांगून तिला कुठल्या तोंडाने भेटू?

सराव सुरू करायचा की नाही यावर मंडळात चर्चा झाली. या वर्षी बंद ठेवूया, असं बरेच जण म्हणाले. मुलींनी ऐकलं नाही. त्यांना तुझ्यासाठी थर लावायचे होते. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला, मैदानात गाद्या पसरल्या, हेल्मेटं चढवली. सगळ्यात वर आता सायली असते, तू तिला मागच्या वर्षी बघितलंस, पंधराची आहे, तुझ्यासारखीच हडकुळी. नारळ फोडल्यावर तुझा नियम सांगायची वेळ आली. दर वर्षी तू सांगायचीस. मी उभी राहिले आणि म्हटलं, वरची नको म्हणाली की नको. अपघात कसा झाला ते मुलींच्या कानावर आलं होतं. मग सायलीने विचारलं, “ताई, पण दीपूताई स्वतः ‘नको’ का नाही बोलली?”

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पंचवीस मुली माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, चला, थर लावा.

पाच थर लागले. मी पायात, म्हणजे सगळ्यात खालच्या थरात होते, बाहेरच्या कड्यात, पुढच्या मुलीच्या पाठीला हात लावून. सायली सरळ झाली. काही हलत नव्हतं, कुणी धापा टाकत नव्हतं, वाराही नव्हता. मी कान लावून होते की ती काही म्हणते का. ती म्हणाली नाही. ती हात वर करायला लागली, आणि माझ्या तोंडून निघालं, “नको! उतरवा!”

दीपू, मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि तुझा नियम मोडून, खालून. मुली गोंधळल्या, पण सवय आहे, उतरल्या नीट. सायली गादीवर उतरली ती तडक माझ्यासमोर आली. हेल्मेट काढून आपटलं.

“होत होतं ना ताई! एवढंसंच राहिलं होतं! का उतरवलं?”

“माहीत नाही.”

“तुम्ही घाबरलात,” ती म्हणाली आणि रडत निघून गेली. कुणी तिला थांबवलं नाही, मीसुद्धा नाही.

मी गादीवर बसून राहिले. तिचं खरं असेल. मी घाबरले असेन. किंवा तुला जे वाटायचं ते मला वाटलं असेल, जे तू मला इतकी वर्षं समजावून सांगू शकली नाहीस. हे दोन वेगळे कसे ओळखायचे? तुला ते ओळखता येतं असं मी मानून चालले होते. तुझ्या त्या एका ‘नको’वर मी लग्न मोडलं, पथक चालवलं, दुसऱ्यांच्या पोरी सहा थरांवर चढवल्या. आणि एक दिवस तुलाच ते ओळखता आलं नाही. किंवा आलं, आणि तू ऐकलं नाहीस. यातलं काय झालं ते मला कधीच कळणार नाही, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

आज संध्याकाळी परत सराव आहे. मी सायलीच्या घरी जाऊन आले, ती दारात आली नाही, पण तिची आई म्हणाली, येईल. आली तर वर तीच चढेल. आणि हात वर करण्याआधी तिने वरून विचारलं, “ताई, जाऊ का?” तर त्या क्षणी मी मनात तुलाच विचारणार, इतकी वर्षं विचारत आले तसं. फक्त तू काय म्हणशील, याची आता मला खात्री नाही.